खिडकी अडवून बसलेला मी

मी कूलर बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतोय, कारण तीच सवय आहे. मी चालू असलो की घरातली माणसं एकमेकांवर ओरडतात आणि बंद पडलो की माझ्यावर ओरडतात, त्यामुळे हळू बोलायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. आता माझा प्लग काढलेला आहे, बाजूंचं गवत काढलेलं आहे आणि टाकी कोरडी आहे. इतक्या शांततेत मला कुणी विचारत नाही, तेव्हा तुम्हीच ऐका.

माझा जन्म भंडाऱ्याचा. बाबूलाल नावाच्या वेल्डिंगवाल्यानं पत्रा कापून, ठोकून, वर निळा रंग मारून मला उभं केलं. रंग वाळायच्या आत गिऱ्हाईक आलं, म्हणून माझ्या पाठीवर आजही चार बोटांचे ठसे आहेत. ती बोटं मंगरूभाऊंची. अड्याळकडच्या एका राईस मिलमध्ये ते मशीन चालवायचे. त्यांनी माझा रंग पाहिला नाही की पत्रा पाहिला नाही. पंखा सुरू करायला लावला, डोळे मिटले, कान जवळ आणला आणि म्हणाले, "बेअरिंग बदलव. खरखर करते."

बाबूलालनंही कान लावला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. पण खोलून पाहिलं तर बेअरिंग खरंच खराब निघाली.

असा होता त्यांचा कान. मिलमधला पट्टा घसरायच्या आधी त्यांना कळायचं म्हणे. इंजिन दुरुस्त करणारे मोठे मिस्त्री आले तरी मालक आधी यांना विचारायचे, "मंगरू, काय म्हणते मशीन?" मशीन काय म्हणते ते मशीनला आणि मंगरूभाऊंनाच ठाऊक. त्यांच्या घरी आल्यावर मला तर राजाचं जिणं मिळालं. जरासं कुरकुरलो की तेलाची कुपी हजर.

राणीशी मात्र माझं कधी जमलं नाही. राणी म्हणजे भाऊंची बायको, सत्यभामाबाई. त्या घराला खिडकी म्हणावी अशी एकच, पश्चिमेची. समोर अंगण, मग वालाच्या वेलाचं कुंपण आणि पलीकडे बोडी, म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव. होळीनंतर मला त्या खिडकीला लावलं की खिडकी गेली. सत्यभामाबाईंचा उजेड गेला, बोडी गेली आणि कुंपणापलीकडच्या रेवताबाईशी बसल्या जागी बोलणं गेलं. उन्हाळ्यात त्या हे सगळं मुकाट्यानं सोसायच्या. त्यांच्याही अंगाची लाही व्हायचीच ना.

माणसं माझ्याशी कशी वागतात ते सांगतो. दिवसभर घसे कोरडे होईपर्यंत पाणी प्या म्हणून एकमेकांना सांगतात आणि माझ्या टाकीत पाणी घालायची वेळ आली की सगळ्यांना झोप लागते. पाहुण्याची किंमत माझ्यासमोर ठरते. जावई आला की माझ्या अगदी तोंडापुढं, व्याही जरा बाजूला आणि विमा विकणारा आला की थेट दाराजवळ. कधीमधी मी झटका देतो, हे कबूल. पण तो दिल्याशिवाय कुणी पायात चप्पल घालून स्विचपाशी येत नाही, त्याला मी काय करू.

या घराचा एक नियम होता. वर्षावासाचे तीन महिने विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं आणि आश्विन पौर्णिमेला त्याची समाप्ती होऊन खीर वाटली जाते. ती खीर खाल्ली की दुसऱ्या दिवशी खिडकी मोकळी. गल्लीतले बाकीचे कूलर पोळ्याच्या आधीच उतरलेले असायचे, पण मंगरूभाऊंना पावसातही माझा नुसता पंखा लागायचा. तरी खिरीचा शब्द ते पाळायचे. मग सत्यभामाबाई खिडकीशी बाज ओढून बसायच्या. चारचं ऊन आत यायचं. नवीन शिंगाडे, काळा चहा आणि दोघांच्या गोष्टी. मी अंगणात वाळत पडलेला असायचो आणि मनात म्हणायचो, एवढं काय आहे या खिडकीत?

यंदा खीर झाली आणि मंगरूभाऊ हलले नाहीत.

"खीर खाल्ली ना?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "मंग कूलर काढा आता."

"उद्या काढू. आजून गर्मी हाय," भाऊ म्हणाले. हे ते ब्लँकेटमधून म्हणाले. नाकसुद्धा आत होतं.

असे पाच उद्या झाले. सकाळी वालाच्या पानांवर दव दिसायला लागलं, हलक्या धानाची कापणी सुरू झाली, आणि मी आपला घरघरतोय. रेवताबाई शिंगाड्याची टोपली घेऊन आल्या. त्यांच्या घरचे लोक बोडीत मासे धरतात, शिंगाडे लावतात. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरी आजून एप्रिलच सुरू हाय काय?"

सत्यभामाबाई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. रेवताबाई गेल्यावर त्या खोलीत आल्या आणि माझ्या आवाजावर आवाज चढवून नवऱ्याला म्हणाल्या, "मले चार वाजताचं ऊन पायजे, आन् तुमच्यासंग दोन गोष्टी. दुसरं काई मांगून नाई राहिली मी. दोन बरस झाले मिल सुटून, घरात असूनही तुम्ही घरात नसता."

"असं काहून म्हणतं वो?" भाऊ तितक्याच मोठ्यानं म्हणाले. पण हात काही माझ्या प्लगकडे गेला नाही.

खरं सांगू? मी फुगलो होतो. पाहा, म्हटलं, माणसाला माझ्यावाचून करमत नाही. मुलगी रश्मी नागपूरहून फोन करायची, तर भाऊ फोन लगेच बायकोच्या हातात द्यायचे. "तूच बोल, कूलर आवाज करते." विहारात वाचनाला बोलावलं तर, "तिथं गर्मी होते, मी कूलरपाशी बरा." जूनमध्ये एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या होत्या, तेव्हा डाळ करपली आणि भाऊंनी सरळ माझ्या नावावर बिल फाडलं, "कूलरच्या आवाजात आयकू नाई आली." तेव्हा मला राग आला होता, पण तोही मी गिळला. एवढा जवळचा माणूस, करपल्या डाळीपायी काय भांडायचं.

एकच गोष्ट मला सलत होती. आखाडापासून माझी बेअरिंग खरखरत होती. आधी हळू, मग चांगली मोठ्यानं. अंगणातल्या कोंबड्या दचकायच्या, इतकी. आणि ज्या माणसानं बाबूलालच्या दुकानात माझं कण्हणं ओळखलं होतं, तो माझ्यासमोर पाय पसरून बसायचा आणि तेलाची कुपी फळीवर तशीच. मला वाटलं, झालो आता जुना. नवीन आणायचा विचार दिसतो.

सहाव्या दिवशी दुपारी भाऊ पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घ्यायला गेले. त्यांची पाठ फिरली आणि सत्यभामाबाईंनी कुंपणाकडे पाहून हाक दिली, "रेवताबाई, या बरं जराशा."

त्या दोघींनी मला कसं उतरवलं, ते माझं मला ठाऊक. एकीनं पदर खोचला, दुसरीनं टोपली बाजूला ठेवली. टाकीतलं राहिलेलं पाणी माझ्याच पोटातून माझ्याच पायांवर सांडलं. रेवताबाई म्हणाल्या, "जाळं वढाले याच्याऊन सोपं हाय." दोन ठिकाणी पत्रा चेपला, पण मला पडू दिलं नाही, हे मान्य करायला हवं. अंगणाच्या मधोमध मला उन्हात ठेवून दोघी कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

आणि मी पहिल्यांदा समोरून ती खिडकी पाहिली. नेहमी मला कुंपणाकडे तोंड करून ठेवायचे, या वेळी दोघींच्या घाईत तोंड घराकडे झालं. चारचं ऊन खिडकीतून आत जाऊन बाजेवर पसरलं होतं, भिंतीवरच्या फोटोंवर चढलं होतं. मी होतो तेव्हा ती खोली सात महिने अंधारातच होती. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

भाऊ परत आले. मला अंगणात पाहून थबकले. मला वाटलं, आता ओरडतील. आत गेले, बाजेवर बसले आणि पेपर उघडला. सत्यभामाबाईंनी शिंगाडे कुकरला लावले. बाहेर जाताना भाऊंच्या समोर येऊन, तीन बोटं दाखवून म्हणाल्या, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करजा. मी टोपली देऊन येते." भाऊंनी मान हलवली.

त्या कुंपणाशी गेल्या आणि रेवताबाईशी बोलत वालाच्या शेंगा तोडू लागल्या.

पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली, आणि भाऊंनी पेपरचं पान उलटलं.

चौथी शिट्टी झाली. मला वाटलं, बातमी फार रंगतदार असेल. पाचवीला झाडावरचे बगळे उडाले. भाऊंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, उलट उन्हात बसून ते छान सैलावले होते. तेव्हा मला कळलं की हे बातमीचं काम नाही. जन्मभर ओरडत आलो, आणि नेमकं ओरडायची गरज होती तेव्हा माझा प्लग निघालेला होता.

"भाऊ झोपले काय?" रेवताबाईंनी विचारलं, आणि शेंगा तशाच टाकून सत्यभामाबाई धावल्या. सातव्या शिट्टीला त्यांनी गॅस बंद केला. करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला. त्या खोलीत येऊन भाऊंच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"तीन म्हटलं होतं. सात झाल्या."

भाऊंनी पेपर खाली केला. सवयीनं म्हणाले, "ते कूलरच्या आवाजात..."

आणि थांबले. खिडकी उघडी होती. समोर अंगणात मी उभा होतो, गवत काढलेला, वायर गुंडाळलेला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली.

 सत्यभामाबाई हळूच त्यांच्या मागे गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "रश्मीचे बाबा." भाऊ तसेच. जरा मोठ्यानं म्हणाल्या. भाऊ तसेच. तिसऱ्यांदा त्या माझ्यासमोर बोलायच्या तशा बोलल्या, आणि भाऊ वळले.

"कवापासून?"

"मिल सुटली तवापासून कमी कमीच होऊन राहिलं."

"मले सांगाचं नाई?"

भाऊंनी पेपरची घडी घातली. "साऱ्या गावात माझ्या कानाचं नाव होतं," ते म्हणाले. "तो कानच गेला म्हणून कोणाले सांगू? कूलर चालू असला की सारेच मोठ्यानं बोलतेत. मले वाटे, जमून राहिलं."

सात महिने मी ज्याला माझ्यावरचं प्रेम समजत होतो, ते हे होतं. मी हवा देत होतो म्हणून नव्हे, मी ओरडत होतो म्हणून मला ठेवलं होतं. वाईट वाटलं का? वाटलं. पण थोडंच. कारण सत्यभामाबाईंचे डोळे भरून आले होते, आणि त्या रागावल्याही होत्या, आणि दोन्ही एकदम करत त्या म्हणाल्या, "आन् मी दोन बरस समजून राहिली का तुमाले माझ्यासंग बोलाचंच नाई."

मग त्यांनी कुकर उघडला. तळचे शिंगाडे करपले होते, वरचे बरे होते. ते परातीत घेऊन त्या बाजेवर बसल्या. भाऊंनी आपण होऊन सांगितलं, "इकडून बस. उजव्यानं थोडंसं आयकू येते." त्या उजवीकडे सरकल्या. त्या सोलत होत्या, ते खात होते, आणि त्या बोलत होत्या. कुणाचं धान कापलं, विहारातल्या खिरीत साखर कशी कमी पडली, रश्मी दिवाळीनंतर येणार आहे तेव्हा तिच्यासोबत कान दाखवायला भंडाऱ्याला जायचंच आहे. सगळं माझ्या उन्हाळ्यातल्या आवाजात.

कुंपणापलीकडून रेवताबाई म्हणाल्या, "बाई, सारी गल्ली आयकून राहिली."

"आयकू दे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सात महिने कूलरचं आयकलं ना."

दोन दिवसांनी मी वाळलो, तेव्हा भाऊ तेलाची कुपी घेऊन आले. पंख्याला हातानं गिरकी दिली आणि जुन्या सवयीनं कान जवळ आणला. मी जीव तोडून खरखरलो. त्यांना काही कळलं नाही. ते तसेच वाकून राहिले, आणि मला इतकं कसंनुसं झालं की खरखर थांबवता आली असती तर थांबवली असती. मग त्यांनी बोटं बेअरिंगवर ठेवली आणि पुन्हा गिरकी दिली. बोटांना खरखर लागली. ते उठून उभे राहिले आणि घराकडे तोंड करून म्हणाले, "सत्यभामा, इकडं ये वो. तू आयकून सांग, खरखर येते काय?"

त्या पिठाच्या हातानं आल्या, कान लावला आणि म्हणाल्या, "येते ना. चांगली बम येते." भाऊंनी तेल घातलं.

आता मी मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत आहे. माझ्या पोटात कांदे ठेवलेत आणि एक कोंबडी अंडी घालायच्या विचारानं रोज येऊन पाहून जाते. तिला मी झटका देऊ शकत नाही, हे तिला कळलेलं दिसतं. माझं फारसं मागणं नाही. तुमच्या घरात कुणी ब्लँकेट पांघरून कूलर चालू ठेवत असेल, तर त्याला हसा, जरूर हसा. पण हसून झालं की एकदा कूलरचा प्लग काढा आणि मागून हळूच हाक मारून पाहा.

इथं सपरीत मला सगळं ऐकू येतं. आज सकाळी दव होतं, ऊन कोवळं होतं, आणि खिडकीतून सत्यभामाबाईंनी भाऊंना मोठ्यानं विचारलं, "चहात आलं टाकू काय?"

"टाका," कुंपणापलीकडून रेवताबाई म्हणाल्या.

मग थोड्या वेळानं भाऊंचा आवाज आला, "टाक."