पाटावरची गिटार

न्हाणीतून बाहेर आले तेव्हा माझी गिटार देवघरापुढच्या पाटावर आडवी झोपवलेली होती. शेजारी विळी, कात्री, शिलाई मशीनचा डबा, स्कूटरची किल्ली आणि माझ्या नवऱ्याचा, हर्षवर्धनचा, लॅपटॉप. खंडेनवमी. सगळ्यांवर झेंडूचं एकेक फूल. गिटारीवर दोन, कारण आईंना, म्हणजे सासूबाईंना, ती आवडते.

"बघ गे, कशी चमकायली!" आई कौतुकानं म्हणाल्या. "बाळंतपणात पार सुकून गेली होती बिचारी. रेणूच्या तेलानं चांगली चोळून काढली."

मी खाली बसले. खोबरेल तेल मानेला मागून-पुढून लावलेलं. तारांनासुद्धा, एकेकीला चिमटीत धरून. तारांचा आवाज उचलणाऱ्या तिन्ही पिकअपवर हळदीकुंकवाची बोटं. तान्ह्या रेणूला चोळतात तितक्याच मायेनं चोळलं होतं, म्हणून ओरडताही येईना.

ही गिटार एका परदेशी वादकाच्या सहीची आहे. त्यानं आपल्या हाताला हवी तशी घडवून घेतली आणि कंपनीनं तशाच बनवून विकल्या. मान मागून चपटी, लाकूड कोरडं, जवळजवळ उघडं. हात वरखाली सरकताना कुठं चिकटत नाही. आणि शेजारशेजारच्या दोन पिकअपवर ठेवली की सूर काचेच्या बांगड्या किणकिणल्यासारखा येतो, स्वच्छ, थोडा पोकळ. त्या माणसाचा हात माझ्याहून मोठा असणार. तरी दुकानात पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा वाटलं, ही आपलीच.

आणि नेमकं आज मला ती हवी होती. सकाळीच मिलिंदचा फोन आला होता. आमच्या बँडचं गाणं त्याच्याकडे तयार पडलंय, फक्त सुरुवातीचा माझा तुकडा बाकी.

"प्रणिता, संध्याकाळपर्यंत पाठव यार. नाही तर युवराजच्या कीबोर्डवर घेऊन टाकतो. किती दिवस रोकून धरू?"

रेणू झाल्यापासून हा एकच तुकडा माझ्या नावावर होता.

"आई, मला आज वाजवायची आहे."

"आज? नक्को बाई. पूजेला बसलेल्या वस्तूला आज हात लावत नाहीत. उद्या दसरा झाला की रोज वाजव, मी काही बोलते का?"

तेवढ्यात हर्षवर्धन आला, पाटाला नमस्कार केला, लॅपटॉपवरचं फूल उचलून देवापुढे ठेवलं आणि लॅपटॉप काखेत मारला.

"मीटिंग आहे," म्हणत तो बाहेरच्या खोलीकडे वळला.

"हौ, जा जा, उशीर नको करू," आई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. "त्याची नोकरी आहे ना गे," म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

मी दोन्ही फुलं बाजूला ठेवली आणि गिटार उचलली. गल्लीत कुणीतरी रिक्षापुढं कोहळा फोडला. रेणू दचकून रडायला लागली, तशा आई तिच्याकडे गेल्या.

आतल्या खोलीत दार लोटून तारा पुसल्या, मान पुसली. जुन्या बनियननं, मग रेणूच्या मऊ लंगोटानं. अंगठा सरकवला तर चिकटला. जाड तारांच्या वेटोळ्यांत तेल शिरलेलं. छेडल्या तर ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारख्या वाजल्या. नव्या तारा घरात नाहीत.

दार उघडून आई आत आल्या. हातात वाटी. "बेसन आहे. रेणूचं तेल ह्यानंच काढते. लावून बघ, ओढून घेतं." मग वाटी माझ्यापुढे सरकवत, "मला काय माहीत, हिला कोरडंच आवडतं."

मानेला मागून बेसन चोळलं. कोरड्या फडक्यानं झटकलं. खरंच सुटली. हात पूर्वीसारखा वर गेला, खाली आला. माझ्या तोंडून "हां" निघालं. पण तारा मेल्या त्या मेल्याच. आणि माझी बोटंही. टोकांवरचे घट्टे भांड्यांत, लंगोटांत भिजून विरघळले. तार दाबली की सुरीवर बोट ठेवल्यासारखं लागत होतं.

तुकड्यात एक जागा आहे. तार बोटानं वर ओढायची, सूर चढत जाऊन वर टेकतो आणि तिथंच थरथरत राहतो. अख्खा तुकडा त्या जागेसाठीच. रेकॉर्डिंग सुरू केलं. ओढली. अर्ध्यावर बोट तेलावरून निसटलं. पुन्हा. टेकला, पण खालीच. तोच पाठवून दिला.

मिलिंदचा व्हॉइस मेसेज आला. "आवाज दबलाय का गं थोडा? चालेल. पण वरचा सूर बेसूर आहे. अजून एक दे ना. जल्दी."

बाहेर रेणू भुकेनं टाहो फोडत होती. आई तिला खांद्यावर घेऊन दारात. त्यांच्या मागून हर्षवर्धन, कानात हेडफोन.

"प्रणिता, जरा आवाज कमी करशील? माझी मीटिंग चालू आहे."

मी उठले, रेणूला घेतलं, पाजलं. ती पिऊन शांत झाली, झोपली मात्र नाही. मग तिला नेऊन हर्षवर्धनच्या मांडीवर ठेवलं, लॅपटॉपसमोर.

"अगं, कॅमेरा चालू आहे!"

"मग बंद कर. दहा मिनिटं तू म्यूट हो."

पडद्यावरचं कुणीतरी हसलं. रेणूनं बटणांवर हात मारला. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात वळल्या, हसत होत्या की रागावल्या ते कळलं नाही.

मी दार लावून घेतलं. बोटं कुर्त्याला पुसली आणि लाल बटण दाबलं. तार ओढली. सूर चढला, चढला, टेकायच्या जरासा आधी पुन्हा निसटला.

"शी!" मी म्हणाले. तेही रेकॉर्ड झालं. पुसून टाकलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.