रोज एक फरशी

"मारून टाकलं ना तू त्याले!"

मामाजी खाटेवरून ओरडले तेव्हा मी कुंडी हातात घेऊन दारात उभी होते. लकवा झाल्यापासून माझ्या सासऱ्यांचे अर्धे शब्द तोंडातच अडकतात, पण हे मात्र अगदी स्वच्छ आलं. चूक माझी होती, म्हणून आधी मलाच राग आला.

"तुमीच म्हणत होते ना, तपन दे, तपन दे म्हणून! दिली तपन. नेऊन ठेवलं स्लॅबवर."

"भर दुपारी?"

ते अडेनियम मी गोंदियाच्या बाजारातून आणलं होतं. बुडाशी भोपळ्यासारखं गुबगुबीत खोड, वर गुलाबी फुलं. फ्रीजवर शोभेल म्हणून फ्रीजवर ठेवलं. महिन्याभरात फुलं गळली, फांद्या बारीक होऊन खिडकीकडे लांबत गेल्या. मामाजी रोज उन्हात ठेवायला सांगायचे आणि मी रोज विसरायचे. एप्रिलच्या एका रविवारी आठवण झाली, ती बारा वाजता. माझा स्वभावच असा घाईचा. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मी ताटं मांडते. संध्याकाळी पाहते तर खोडाची एक बाजू करपलेली आणि पानं मान टाकून लोंबत होती.

"सहा महिने अंधारात ठेवलं अन् एकदम आगीत नेलं," मामाजी म्हणाले. "सागाचं रोप बी असं कोनी नेत नाई."

दुधराम उईके, म्हणजे आमचे मामाजी, सालेकशाच्या जंगलातल्या रोपवाटिकेत तीस वर्षं मजूर होते. सावलीतली रोपं थोडी थोडी सरकवत उन्हात न्यायची, हे त्यांचं काम. लाखभर झाडं त्यांच्या हातून जंगलात गेली असतील. आणि आता कुडव्याच्या आमच्या घरात आतल्या खोलीतली खाट, एवढंच त्यांचं जग होतं. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, आणि त्यांनी बाहेर येणंच सोडलं. माझा नवरा दुर्गेश बिचारा त्यांचा मुलगा असून हात जोडून थकला. "कायले येऊ? हे तोंड दाखवाले?" यापुढे ते बोलायचे नाहीत. चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायचे, कारण ओठाच्या कोपऱ्यातून तो ओघळायचा.

माघात तर कहर झाला. त्यांच्यासोबत रोपवाटिकेत राबलेली जमुनाबाई त्यांना कचारगडच्या जत्रेला न्यायला आली होती. दरवर्षी जुने सोबती मिळून जात. मामाजींनी मला सांगायला लावलं, झोपले आहेत म्हणून. ती म्हातारी पायरीवर तासभर बसली, मोहफुलांची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि गेली. तिच्याशी खोटं बोलले याची मला अजून लाज वाटते.

तर ते झाड. जगेल की नाही, तेच मला कळेना. "वाचन का हो?" मी विचारलं.

"वाचन. पन रोज एक फरशी, जास्त नाई. पहिले सकाळची तपन, दुपारी आडोसा. पानी कमी. फूल पायजे असन त शेवटी सहा घंटे उघडी तपन पायजेच."

उंबरठ्यापासून फाटकापर्यंत बावीस फरश्या आहेत. तिसऱ्या दिवशी कुंडी खाटेवरून दिसेनाशी झाली आणि मामाजी बेचैन झाले. डाग कुठं हाय, पान आलं का, मुंग्या लागल्या का, माझं डोकं खाल्लं.

"मले नाई समजत. तुमीच पाहा," म्हटलं आणि त्यांना धरून खुर्चीत दाराशी बसवलं. दुसऱ्या दिवशी कुंडी एक फरशी पुढे, खुर्चीही एक फरशी पुढे.

"खुर्ची काऊन सरकवली?"

"झाड दिसलं पायजे ना!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळून घेतला. मला वाटलं, मी मोठी हुशार. तीस वर्षं रोपं सरकवणाऱ्या माणसाला माझी लबाडी पहिल्याच दिवशी कळली असणार, हे फार उशिरा माझ्या डोक्यात शिरलं.

मे संपत आला तेव्हा कुंडी फाटकाशी पोचली होती आणि तिला दोन फुलं आली होती. सकाळी आठ वाजेपर्यंत मामाजी तिच्याजवळ बसत, दुपट्ट्याआड. अशाच एका सकाळी फाटक वाजलं. जमुनाबाई! झोपले आहेत म्हणायची आता सोयच नव्हती.

"जय सेवा, दुधरामभाऊ."

"जय सेवा," दुपट्ट्यातून आवाज आला.

ती कुंडीशेजारी खाली टेकली. चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. खोडावरच्या करपलेल्या डागावरून अंगठा फिरवत म्हणाली, "हे बाजू भिंतीकडं कर ना गा. चांगली बाजू लोकाइले दिसन."

"नाई. डागाचीच बाजू तपनीकडं ठेवाची. तिकडची साल आता पक्की झाली. कवळी बाजू फिरवली त ते बी जळन."

बोलून ते थांबले. मग डाव्या हाताने त्यांनी दुपट्टा सोडवला आणि माझ्याकडे दिला.

"घे. गरम होऊन राहिलं."

जमुनाबाईने आता त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लय रोडावला गा तू," एवढंच म्हणाली. माझे डोळे भरून आले, म्हणून मी घरात पळाले.

"अंजू, चहा आन," मागून हाक आली. "दोन कप. इथंच आन."

मी चहा नेला तेव्हा जमुनाबाई पिशवीतून नातीच्या लग्नाची पत्रिका काढत होती. मामाजींनी घोट घेतला. चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला. त्यांनी सावकाश हनुवटी पुसली आणि विचारलं,

"लगन कोन्या तारखेले हाय?"