शेंदराखालचा दगड

मोताळ्याच्या शाळेत विद्यापीठाच्या उल्का केंद्राचं प्रदर्शन भरलं होतं, आणि सुभद्राबाई तासाभरात चौथ्यांदा बाकावरून उठल्या. मांडीवरचं फडकं सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. आत नारळाएवढा दगड, शेंदराने लालभडक.

तीन वर्षांपूर्वी कापूस वेचताना तो त्यांच्या डोळ्यांदेखत आभाळातून पडला होता. बाईंनी त्याला शेंदूर फासला, बांधावर बसवला, दर शनिवारी तेल घातलं. गावाला पटलं नाही ते नाहीच. धाकटे दीर दयाराम तर पारावर सांगत, "वहिनीनं लोहाराच्या भट्टीतला मळ देव करून ठेवला." आज तेही मागोमाग आले होते, मजा पाहायला.

केंद्रातल्या प्राचीने दगडाच्या एका कोपऱ्यावरचा शेंदूर खरवडून लोहचुंबक लावलं. चिकटलं.

"आजी, चुंबक मळालाही चिकटतं. वरून तेलही मुरलंय. एक तुकडा कापून आत पाहावं लागेल."

"कापून?"

"बोटाच्या पेराएवढाच."

सुभद्राबाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या. भंगलेला देव पुजत नाहीत, नदीत सोडतात. कापला तर देव गेला. नाही कापला तर मरेपर्यंत खोटारडी. आणि कापून आत मळच निघाला तर?

"राहू द्या न वहिनी," दयाराम म्हणाले. "काऊन उगाच हसू करून घेता?"

"भाऊजी, वीज कडाडली का तुमी घोंगडं घेऊन खाटेखाली घुसता. तुमी मले आभाळ शिकवून राह्यले?"

त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं, दगडावर ओतलं, हात जोडले. "बापा, तू आता याच्यातून निंघ. मंग हे पोरगी कापते." थोडं थांबल्या, त्याला निघायला वेळ लागेल म्हणून. मग पदराने शेंदूर पुसून दगड प्राचीच्या हातात दिला.

दगड कापायचं यंत्र किंचाळायला लागलं तसं त्यांना खोलीत उभं राहवेना. व्हरांड्यात येरझारा घातल्या, खांब मोजले, मोजणी चुकली, पुन्हा सुरू केली.

कापलेला तुकडा आतून राखेसारखा करडा निघाला, त्यात सुईच्या टोकाएवढे चकाकते कण. प्राची भिंगातून बराच वेळ पाहत राहिली.

"मळात बुडबुड्यांची भोकं असतात. इथे एकही नाही. पक्का अहवाल प्रयोगशाळेतून येईल, पण आजी, हा आभाळातलाच आहे."

दयारामांचे हात आपोआप जुळले.

"आता काय जोडता? निंघून गेला तो," सुभद्राबाई म्हणाल्या.

प्राचीने वही काढली. "पडताना आणखी कोणी पाहिलं होतं?"

"नाही."

"मग सगळं तुमच्याच शब्दावर लिहायचं. वेळ, दिशा, आवाज. बसा ना."

"बसून दिशा सांगता येते का बाई? चाल."

त्यांनी तिला मैदानात नेलं, मलकापूरच्या अंगाला तोंड करून उभं केलं. मग दिराला हाक मारली.

"भाऊजी, वीस पावलं पुढं जा. तुमी बांधावरचा निंब. हाव, तिथंच. आता मी सांगेपर्यंत हलू नका."