पाण्यावर चालणारी गाडी आणि शुद्धीची पुडी

टॅक्सी स्टँडवर त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध एक जुनी गाडी, बॉनेटवर हात ठेवून उभे पाणीवाले सर आणि भोवती आ वासलेले टॅक्सीवाले. पेट्रोलचे भाव गगनाला भिडलेले, गॅसच्या पंपावर तासन्‌तास रांग, विजेची गाडी घ्यायची तर ऐपत नाही. अशा माणसांना गंडवायला फार अक्कल लागत नाही, आणि सरांकडे ती फार नव्हतीच.

“पाण्यात काय असतं?” सर विचारत होते. “हायड्रोजन. तो जळतो. ऑक्सिजन. तो जाळतो. मग पाणी का जळू नये? तेल कंपन्यांनी हे गुपित दाबून ठेवलं. माझ्या जिवावर उठल्यात त्या.”

कंपन्यांना शोधायला त्रास पडू नये म्हणून की काय, सरांनी आपला पत्ता गाडीच्या दोन्ही दारांवर ठळक रंगवून घेतला होता.

एकाने घरून आणलेलं पाणी टाकीत ओतलं. पाण्याची ‘शुद्धी’ व्हावी म्हणून सरांनी त्यात एक पुडी सोडली, झाकण लावलं, किल्ली फिरवली. गाडी खोकली, सुरू झाली आणि स्टँडला फेरी मारून आली. लोकांनी हात जोडले. पाणी कुणाचं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पुडीकडे एकानेही पाहिलं नव्हतं.

शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांचा दीर टॅक्सी चालवायचा, म्हणून सगळा स्टँड त्यांना वहिनी म्हणे. गाडी पाण्यावर चालवायचं किट बसवून घ्यायला दिराने सरांकडे पहिला नंबर लावला होता आणि तो टॅक्सीखाली आडवा पडून पेट्रोलची टाकी सोडवत होता. शेजारी त्या किटची तांब्याची नळी लखलखत होती.

वहिनींना आधी लसणासारखा उग्र वास आला. वीस वर्षं हा वास त्यांच्या कपड्यांना होता. मग ती नळी दिसली आणि त्या तडक टॅक्सीकडे गेल्या.

“भाऊजी, बाहेर या.”

“वहिनी, नंबर जाईल माझा.”

“जाऊ दे. या म्हणते ना.” मग त्या सरांकडे वळल्या. “पुडीत काय आहे हो?”

“माझी साधना आहे, ताई.”

“साधनेला कार्बाइडचा वास येतो?”

सर हसले, पण घाम पुसून. वहिनींनी डब्यात पाणी आणून मोकळ्यावर ठेवलं, सरांच्या खिशातून डोकावणारी दुसरी पुडी उपसली आणि तिच्यातला एक करडा खडा पाण्यात टाकला. पाणी फसफसलं. लांबून पेटती काडी धरताच डब्यावर पिवळी ज्योत उठली आणि काजळीचे काळे तुकडे सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरले.

“हा आमचा वेल्डिंगचा गॅस. कार्बाइडच्या खड्याला पाणी लागलं की निघतो,” वहिनी म्हणाल्या. “ताकद सगळी खड्याची. पाणी कधीच जळत नाही. हायड्रोजन जळून गेल्यावर जी राख उरते ना, तेच पाणी. राख पुन्हा पेटवायला निघालात तुम्ही सगळे. सर, आता पुडीशिवाय गाडी चालवा.”

“आज पाण्याची प्रकृती बरी नाही,” सर पुटपुटले.

“पण वहिनी, चालली होती ना?” दीर अजून हिरमुसलेला होता.

“कार्बाइडवर चालली. ते भट्टीत करायला ढीगभर वीज लागते. फुकट काहीच नाही. आणि या गॅसला तांब्याची नळी लावायची नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. आत जो थर धरतो त्याचा नुसत्या धक्क्याने स्फोट होतो. हे तुमच्या सीटखाली बसणार होतं, भाऊजी. मागे रोज शाळेची चार पोरं असतात.”

दिराने पाना उचलला आणि पेट्रोलची टाकी पुन्हा घट्ट बसवायला घेतली.

उद्या दुसरा कुणी हवेवर गाडी चालवून दाखवील. टाळ्या वाजवण्याआधी त्याला एवढंच विचारा: आत आणखी काय घातलं, आणि ते काढून चालवून दाखवता का? त्यावर जो रागावेल, त्याच्या गाडीत पोरांना बसवू नका.