काचेतलं ऊन

निजामाचं राज्य जाऊन वीस वर्षं होत आली, तरी गुलबर्ग्याच्या आमच्या घरातला गोषा काही गेला नव्हता. सुनेनं ओसरीपुढं यायचं नाही, माळवदावर तर चढायचंच नाही, शेजाऱ्यांच्या नजरा पडतात. मी करजगीच्या रानात रापलेली पोरगी. लग्नानंतर अशी गोरी पडले की माहेरची माणसं कौतुक करायला लागली. जळो ते कौतुक! दुसऱ्या बाळंतपणानंतर माझे दात हलायला लागले होते.

हुरड्याच्या दिवसांत आई दरवर्षी निरोप धाडायची आणि दरवर्षी काहीतरी निघून माझं जाणं राहायचं. मला फार काही नको होतं. आईच्या मांडीला मांडी लावून रानात बसायचं आणि स्वतःच्या दातांनी हुरडा खायचा, एवढंच. त्या आठवणीनं जीव नुसता तुटायचा.

शेवटी मालकांनी, म्हणजे भगवानरावांनी, पडदा लावलेल्या टांग्यातून मला दाताच्या डॉक्टरांकडं नेलं. सिद्धप्पा डॉक्टरांनी दात हलवून पाहिले आणि विचारलं, "अक्का, उन्हात बसता का?"

मी मालकांकडं पाहिलं. मालक भिंतीकडं पाहत होते.

"कॅल्शियमच्या गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागत न्हाई," डॉक्टर म्हणाले. "अंगावर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व तयार होतं, मग कॅल्शियम हाडात बसतं. जबड्याचं हाड कच्चं पडलं की दात हलणारच."

मालकांची तुरीची आडत. सौदा तुटू न देता दोन्हीकडच्यांना खूश ठेवायची सवय. त्यांनी माळवदाला भोक पाडून वर जाड काच बसवली. ऊन घरात आलं, गोषाही शाबूत राहिला! आल्यागेल्याला ते काच दाखवायचे. मी त्या चौकोनात पाट टाकून बसायची आणि ऊन सरकेल तशी सरकायची. दिवाळी अशीच गेली. थंडी पडली आणि एक दिवस भाकरीच्या घासात दातच हातात आला. मी मोठ्यानं रडले.

पुन्हा दवाखाना. काचेचं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काचेतनं उजेड येतो, ऊब येते. जे पायजे ते काचेतच अडतंय. उघड्यावर बसा, तोंड-हात उघडे ठेवून. बाकीचे दात अजून वाचतील."

घरी आल्यावर मालकांनी चाचरत त्यांच्या आईला सगळं सांगितलं. माझ्या सासूबाई सोजराबाई, चाळिशीतच बोळक्या झालेल्या. त्यांची भाकरी आम्ही वरणात कुस्करून द्यायचो. त्यांनी हिरड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माझे बी त्यानंच गेले म्हन की."

मला त्यांचा इतक्या वर्षांचा राग होता, तो त्या वेळी कुठं गेला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घोंगडं घेऊन स्वतःच शिडी चढल्या आणि वरून हाक मारली, "वच्छला, ये वर!"

"आई, लोकं बघायलेत!" मालक खालून ओरडले.

"बघू दे. दात काय लोकं देतेत व्हय?"

मी वर गेले. तोंडावर उघडं ऊन पडलं आणि डोळे भरून आले. सासूबाईंनीही पदर मागं सारला. "करजगी कुण्या अंगाला?" त्यांनी विचारलं. मी मावळतीकडं हात केला.

"संक्रांतीच्या आधी जाऊन ये. भगवानाला मी सांगते."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, चारी दिशांना पाहिलं आणि हळूच विचारलं, "आन माझं औराद गं?"

लग्नात माहेराहून, औरादहून, पडद्याच्या गाडीतून त्या ह्या घरात आल्या, त्यानंतर उघड्यावर आज पहिल्यांदाच उभ्या होत्या. मी उत्तरेकडं बोट केलं. त्या तिकडं तोंड करून बसल्या. ऊन डोक्यावर आलं तरी खाली उतरल्या नाहीत.