सुनीताचं प्रस्थान

आमच्या चार इमारतींना सगळे 'बेट' म्हणतात, आणि हे नाव मीच पाडलंय. मागे रेल्वेची भिंत, एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला दोन वर्षं नुसता खणून ठेवलेला खड्डा आणि पुढे तारनाक्याचा मोठा रस्ता. रस्त्याच्या मधोमध छातीएवढं लोखंडी कुंपण. पलीकडे जायचं तर दीड किलोमीटर उलटं जा, यू-टर्न घ्या आणि तेवढंच परत या. समुद्रातल्या बेटावर निदान होडी तरी मिळत असेल. इथे रिक्षावाला पत्ता ऐकूनच "नक्को अम्मा" म्हणतो आणि पुढे जातो.

माझ्या बाल्कनीच्या बरोबर समोर, कुंपणापलीकडे सुनीता राहायची. आमची मैत्री अडतीस वर्षांची. दोघींचे नवरे रेल्वेत, दोघी एकाच शाळेत शिकवायला. कुंपण नव्हतं तेव्हा मी इकडे वाटी भरली की तिकडे ती गरमच पोचायची. कुंपण आल्यावर आम्ही आपापल्या बाल्कनीत उभ्या राहून, एकमेकींकडे बघत फोनवर बोलायचो. खालून जाणाऱ्यांना आम्ही वेड्या वाटत असणार, वाटू देत.

मागच्या वर्षी तिचे यजमान गेले. मग पुण्याहून अमेय, तिचा मुलगा, आला आणि म्हणाला, आता आईला कायमची घेऊन जातो. मुलगा गुणी आहे, त्याचं काही चुकलं नाही. मला मात्र संताप आला, आणि तो काढायला माणूस सापडेना.

निघायचा दिवस शुक्रवार, वेळ साडेअकरा, म्हणजे भर राहुकाळ. हे राहुकाळाचं खूळ आम्ही तेलुगू शेजारणींकडून उचललं. त्यावरचा तोडगा मात्र आपला जुना, प्रस्थान ठेवायचं. आदल्या दिवशी चांगली वेळ बघून, प्रवासात न्यायची एक पिशवी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. तेव्हाच माणूस निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष जाताना ती पिशवी उचलायची आणि वाटेला लागायचं.

"माझ्याकडे ठेव," मीच सुचवलं. त्यात माझा स्वार्थ होता. पिशवी माझ्याकडे असली की जाताना बेटावर यावंच लागणार. दहा मिनिटं समोरासमोर बसणं होईल, तिच्या पाठीवरून हात फिरवता येईल. कुंपणाआडून हात हलवून तिला निरोप द्यायची माझी तयारी नव्हती.

गुरुवारी अमेय पिशवी घेऊन आला, तेही घरून निघाल्यावर सव्वा तासाने. "मावशी, समोरचं तर घर आहे!" तो घाम पुसत म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, हे आम्हाला माहीत आहे."

शुक्रवारी सकाळीच मी सांज्याच्या पोळ्या करून ठेवल्या. साडेअकराला त्यांची गाडी निघताना बाल्कनीतून पाहिली आणि चहाचं आधण ठेवलं. बारा वाजले तरी गाडी नाही. मग अमेयचा फोन.

"मावशी, यू-टर्न बंद आहे. क्रेन उभी केलीय. आम्हाला फ्लायओव्हरवर चढवलं, आता उतरताच येत नाही. परत फिरलो तर विमान चुकेल. पिशवी राहू दे, मी नंतर मागवून घेईन."

गॅस बंद केला. रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, त्या क्रेनचा, अमेयचा, कुंपण ओलांडू न देणाऱ्या माझ्या गुडघ्यांचा. पोळ्यांवर ताट झाकून बसून राहिले.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. अमेयचा आवाज चढलेला. "मावशी, आईचं आधारकार्ड पर्समध्ये नाही. ती म्हणते, प्रस्थानाच्या पिशवीत आहे. बुधवारी मी स्वतः पर्समध्ये ठेवलं होतं! त्याशिवाय तिला आत सोडणार नाहीत."

"फोनवर नाही का निघत ते?"

"ओटीपी बाबांच्या नंबरवर जातो. तो नंबर बंद केला. तुम्ही बघा ना, मी पार्सलवाला पाठवतोच आहे."

पिशवीत मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एक घडी केलेली साडी होती. साडीच्या तिसऱ्या घडीत कार्ड सापडलं, रुमालात गुंडाळून पिन लावलेलं.

मी तिथेच पलंगावर बसले. सुनीता विसराळू नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी हजेरीपट अजून तोंडपाठ आहे तिला. पर्समधून कार्ड काढून तिनं साडीत घातलं, ते जाणूनबुजून. तिला जायचं नव्हतं. मुलाला तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून तिनं ते कार्ड माझ्या हाती दिलं होतं. पिशवी न्यायला आली असती, तर ती इथेच 'विसरून' गेली असती.

फाटकाबाहेरून पार्सलवाल्याचा फोन आला, मला बाहेर बोलवायला. "अम्मा, गाडी अंदर नै आती. पार्सल लेके भार आते क्या?"

"ठैरो," मी म्हटलं.

काही अवघड नव्हतं. सापडत नाही म्हणायचं, शोधते म्हणायचं, अर्धा तास सहज गेला असता. विमान गेलं असतं. संध्याकाळी ती समोरच्या बाल्कनीत उभी राहिली असती, आणि मी उद्या नाहीतर परवा यू-टर्न सुटल्यावर पोळ्या घेऊन गेले असते. मला हे हवं होतं. इतकं हवं होतं की कार्ड मी उशीखाली सरकवलंसुद्धा.

मग ती एकटी असतानाची, जूनमधली सकाळ आठवली. तिच्या दाराला दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत तशीच लटकत होती. फोन उचलेना. मला इथून ते दार दिसत होतं. रिक्षा मिळेना म्हणून मी चालत निघाले, यू-टर्नला वळसा घालून. पोचायला पन्नास मिनिटं लागली. सुनीता न्हाणीघरात पडली होती, शुद्धीत होती, आणि ती सगळी पन्नास मिनिटंही मला हाका मारत होती. "समोरच तर आहेस तू," म्हणाली.

उशीखालचं कार्ड काढून पिशवीत घातलं. जिने उतरले, फाटकापर्यंत गेले आणि पार्सलवाल्याच्या हातात पिशवी दिली. "संभालके जाना बेटा, अंदर कार्ड है," मी म्हटलं. तो "हौ अम्मा" म्हणाला आणि गाड्यांच्या फटीतून निघून गेला.

अडीचच्या सुमाराला सुनीताचा फोन आला. मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"मिळालं गं कार्ड."

"बरं झालं."

"लगेच पाठवलंस."

मी पोळ्यांवरचं ताट उगाच सरळ केलं.

"अमेयला वाटलं तुला शोधायला वेळ लागेल," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला तर खात्रीच होती, रंजना, तू तरी उशीर करशील."