दाराजवळचा बाक

आमच्या डर्बीशरच्या डोंगरात ‘नेश’ म्हणजे ज्याला थंडी सोसत नाही असा माणूस. गड्याला नेश म्हटलं की अब्रूच गेली त्याची. माझ्या पबात शेकोटीचा बाक नेश लोकांचा, दाराजवळचा मर्दांचा. माझा नवरा एनॉक तीस वर्षं दाराजवळ. यंदा छाती कफानं भरलीय. डॉक्टरनं बजावलं, ऊब द्या, नाहीतर हिवाळा काढत नाही हा. पण ऐकेल तर शपथ! पब माझा, शेकोटी माझी, कोळसा मीच ओढते, आणि हा मेला दारात कुडकुडतोय. मला रडू यायचं आणि संतापही.

जानेवारीत शहरातून पिलिंग मास्तर आले. जुने शब्द गोळा करून कोशात छापायचे, हा त्यांचा उद्योग. प्रत्येक शब्दाला गावकऱ्याच्या तोंडचं एक वाक्य, खाली त्याचं नाव.

“नेश आला कुठून हो?” एनॉकनं विचारलं.

“हजार वर्षं जुना आहे. तेव्हा अर्थ नुसता ‘मऊ’ असा होता.”

“म्हणजे शेकोटीला चिकटणारे तेव्हापासून आहेत!” एनॉक खोकत खोकत हसला. सगळा पब हसला.

मास्तरांनी वही-पेन्सिल काढली. “वाक्य कोण देतं?”

एनॉक घसा खाकरेपर्यंत मी सांगून मोकळी. “लिहा मास्तर. ‘लोक नेश म्हणतील म्हणून एनॉक वॉर्डल दारात बसला आणि गारठून मेला.’ खाली नाव, केझाया वॉर्डल, विधवा.”

मास्तर आपले लिहितायत.

“अगं ए, जिवंत आहे मी!”

“कोश छापायला दोन वर्षं लागतात म्हणे. तोवर होईल खरं.”

“खोडा हो ते, मास्तर!”

“वाक्य बाईंचं आहे. त्या म्हणाल्या तरच खोडेन,” मास्तर म्हणाले. मघाशी मी त्यांना मटण दोनदा वाढलं होतं, फुकट.

मी शेकोटीजवळच्या बाकावर फडकं मारलं. एनॉकनं बाकाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे डोळे भरले होते, ते लपवायचं राहूनच गेलं. तो उठला, ग्लास उचलला आणि शेकोटीपाशी धपकन बसला. हसायची कुणाची टाप नव्हती, माझ्या हातात पळी होती.

“आता माझं वाक्य घ्या,” तो मास्तरांवर खेकसला. “‘एनॉक वॉर्डल नेश नाही. बायको रडते म्हणून बसलाय.’ आणि तिच्या नावापुढचं ते विधवा आधी खोडा.”